सात नंबरच्या बंदुकीचं तोंड

दुकानावरची पाटी अजून यांच्याच नावाची आहे. हे जाऊन सहा वर्षं झाली, परवान्यावर माझं नाव चढलं, पण पाटी मी बदलली नाही. रंगवणारा दोनदा येऊन गेला. म्हणाला, "आक्का, वरचं नुसतं पुसून तुमचं टाकतो की, किती वेळ लागतोय?" मी म्हटलं, राहू दे बाबा. नवी पाटी लावायची म्हणजे अजून दहा वर्षं बसते असं कबूल केल्यासारखं होतं, आणि तेवढी ताकद आता माझ्यात नाही. बोटांचे सांधे सकाळी मिटत नाहीत. कपाचा कान धरायला नऊ वाजतात.

आमचं काम बंदुका दुरुस्त करायचं. बाई माणूस आणि हे काम, असं म्हणून लोक हसतात, त्यांना हसू दे. मी शाळा चौथीपर्यंत केली. लग्न होऊन आले तेव्हा मागच्या खोलीत हे काम करायचे आणि मी हत्यारं हातात द्यायची. कानस दे, पॉलिशपेपर दे, दिवा धर. दिवा धरता धरता बघत राहिले. कुणी शिकवलं नाही, आणि कुणी नकोही म्हटलं नाही. राधानगरीकडची माणसं भातात डुकरं शिरतात म्हणून ठेवलेल्या एकनळी बंदुका घेऊन यायची, शहरातली हौशी मंडळी आजोबांच्या बंदुका घेऊन यायची, आणि शहराबाहेरच्या रायफल क्लबच्या सात जुन्या लष्करी रायफली वर्षातून एकदा यायच्या. त्या सात काय, आमच्या घरच्याच असल्यासारख्या.

गेल्या वर्षी ठरवलं, परवान्याची मुदत संपली की पुन्हा अर्ज करायचा नाही. हातातलं काम उरकायचं, दार लावायचं. त्या ठरवण्याला महिनाही झाला नसेल, तेवढ्यात सुभेदार भाऊजी आले.

सुभेदार म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले, आता क्लबचे सेक्रेटरी. यांचे जुने दोस्त. त्यांच्या खांद्याला रायफल, पत्र्याच्या पेटीत क्लबचं पत्र, आणि रायफलीचा बोल्ट, म्हणजे मागून सरकणारा लोखंडी खटका, रुमालात गुंडाळून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत. बंदूक आणि बोल्ट एका पिशवीत न्यायचे नाहीत असा त्यांचा नियम, म्हणून बोल्ट कायम चपात्यांच्या शेजारी. मागून एक बाई आली. पस्तिशी ओलांडलेली, कपाळावर घाम, पायात खेळाचे बूट. गारगोटीकडच्या एका शाळेत कवायतीची शिक्षिका, रविवारी एसटीनं येऊन क्लबात नेम धरते, एवढं मला भाऊजींकडून ठाऊक होतं.

"वहिनी, ह्या बाईंचं समाधान करा," भाऊजी खुर्चीत बसत म्हणाले. "म्हणतात बंदुकीत दोष हाय. मी फौजेत ह्याच बनावटीच्या बंदुकीनं तीनशे यार्डावरनं नारळ फोडलेत. बंदूक खोटं बोलत न्हाय."

"नारळ मोठा असतोय, साहेब," बाई हळू आवाजात म्हणाली.

मला हसू आलं. भाऊजींना आलं नाही.

रायफलीच्या दस्त्यावर पांढऱ्या रंगात सात आकडा. मी ती टेबलावर आडवी घेतली. बाई माझ्या जवळ आली आणि म्हणाली, "काकू, मला दुरुस्त करून मिळाली पायजे असंबी न्हाय. मला फक्त एक सांगा. वाईट मी हाय का ही हाय?"

तिनं सगळं सांगितलं ते असं. दोन वर्षं ती राज्याच्या निवडीला जाते. मोठ्या रायफलीच्या स्पर्धेला. शहरातल्या पोरींकडे परदेशी बंदुका, हिच्याकडे क्लबची सात नंबर. डावखुरी नाही, हात मजबूत, श्वास धरता येतो, आणि तरी गोळ्या कुठंही जातात. शंभर यार्डावर पाच गोळ्या वाटीखाली झाकल्या पाहिजेत, हिच्या परातीत मावत नाहीत. पहिल्या वर्षी भाऊजी म्हणाले, हात हलतोय. दुसऱ्या वर्षी म्हणाले, डोळा गेला. यंदाची निवड महिन्यावर आली होती. यंदा जमलं नाही तर क्लब तिची जागा दुसरीला देणार होता.

"जागेचं न्हाय एवढं," ती म्हणाली. "पण हात माझा असंल तर मी सोडून देते. उगं दर रविवारी नवऱ्याला स्वयंपाकाला लावून येते कशाला?"

मी म्हटलं, "ठेवून जा. आठ दिवसांनी ये."

लष्करी रायफल म्हातारी झाली की काय होतं, ते थोडं सांगते. तिच्या नळीखाली लाकडाची लांब खोळ असते. नळी त्या लाकडात नीट बसली तर प्रत्येक गोळीला ती सारखीच थरथरते आणि गोळ्या एका जागी जातात. लाकूड फुगलं, वाकलं, तेलानं मऊ पडलं, की ते नळीला कधी इकडून ढकलतं, कधी तिकडून. नव्वद टक्के दोष लाकडात असतो, असं हे म्हणायचे. म्हणून मी लाकडापासून सुरुवात केली.

खोळ उतरवली तर आत तेलाचा काळा चिकटा. जवसाचं तेल, वर्षानुवर्षं मुरलेलं. वास आला, तो आमच्या घराचाच वाटला, पण तेव्हा मनात काही आलं नाही. सोडा घातलेल्या गरम पाण्यानं तीन वेळा काढलं. उन्हात ठेवलं. मग काजळ घेतलं. हो, डोळ्यात घालायचं काजळ. लोखंडाला काजळाचा पातळ हात द्यायचा, खोळ बसवायची, पुन्हा काढायची. जिथं लाकडाला काळं लागलं तिथं ते टेकतंय. तेवढंच खरवडायचं, पुन्हा काजळ, पुन्हा बसवायचं. दिवसाला चाळीसदा. मागच्या बाजूला, जिथं धक्का बसतो, तिथलं लाकूड बोटानं दाबलं तर दबत होतं. ते कोरून काढलं आणि जुन्या मोडक्या दस्त्यातले अक्रोडाचे दोन तुकडे तिथं बसवले. पूर्वी असलं काम मी दोन दिवसांत केलं असतं. आता सहा दिवस लागले, आणि संध्याकाळी बोटं गरम पाण्यात बुडवून बसायची.

आठव्या दिवशी रविवार. क्लबच्या मैदानावर मी रिक्षानं गेले. बाई आडवी झाली, पाच गोळ्या झाडल्या. भाऊजींनी दुर्बिणीला डोळा लावला आणि दुर्बीण माझ्याकडे दिली. परात होती तिचं ताट झालं होतं, एवढंच. एक वर, एक पार डाव्या कोपऱ्यात, एक खाली, दोन उजवीकडे लांब लांब.

बाई उठली, कोपराची माती झटकली. म्हणाली, "म्हंजे मीच की."

"आता वहिनींनी आठ दिवस घासलंय," भाऊजी म्हणाले. "ह्याच्यापुढं बंदुकीला नावं ठेवायची सोय न्हाय बघा."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. रडली वगैरे नाही. पिशवीत पाण्याची बाटली टाकली, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. तिचं ते नाडी बांधणं मला बघवेना. मी म्हटलं, "थांब, रायफल परत घेऊन जाते. माझं बघून झालं नाही."

खरं तर झालं होतं, मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. पण नेमाचा तो भोकं पडलेला कागद डोळ्यांपुढून हलत नव्हता. एवढी वर्षं कागद बघितले मी. माणूस चुकतो तो एका बाजूला चुकतो. चाप हिसकणारा रोज खाली उजवीकडेच जातो, श्वास न धरणारा वर-खाली जातो. चारी दिशांना कुणी चुकत नाही. एवढं नाना तऱ्हेनं चुकायला माणसाला जमतच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर रायफल दारातल्या उजेडात घेतली. नळीच्या आत पेचदार खाचा असतात, त्या गोळीला फिरवत बाहेर काढतात. मागच्या बाजूनं बघितल्या तर खाचा चांगल्या होत्या, वयाच्या मानानं फारच चांगल्या. मग नळीचं तोंड बघितलं, जिथून गोळी बाहेर पडते ते. ते चकचकीत होतं. आरशासारखं. मला आधी बरंच वाटलं, की बघा किती निगा राखलीय.

मग यांच्या डब्यातलं नकली काडतूस घेतलं, आत दारू नसलेलं, आणि त्याची गोळी नळीच्या तोंडात उलटी घातली. चांगल्या नळीत ती अर्धवट अडते. ही काडतुसाच्या गळ्यापर्यंत आत गेली आणि शिवाय डुगडुगायला लागली. भिंग लावून बघितलं. तोंड गोल नव्हतंच. उखळाचं तोंड मुसळ घासून घासून एका अंगानं पसरतं ना, तसं लांबट झालं होतं. गोळी शेवटच्या क्षणी तिथून सुटते. तिथंच तिला एका बाजूनं आधार नाही, म्हणजे ती भेलकांडणारच.

फौजेत नळी दोरीनं पुसतात, मागून दोरी सोडायची आणि पुढून ओढायची; बाकीचे लोखंडी गजानं पुसतात. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला हे बजावायचे, "गज तोंडाकडनं घालायचा नाही, कड झिजते, मागून घाला." ते वाक्य मी हजारदा ऐकलंय. मग क्लबच्या बंदुकीत तोंडाकडून गज घालणारा कोण? मी भाऊजींना शिव्या घालायच्या बेतात होते.

आणि तेव्हा तो जवसाच्या तेलाचा वास पुन्हा आला.

खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, क्लबच्या सातही रायफली आमच्याकडे पूजेला यायच्या. यांचा मान तो. सकाळी हे झेंडूचे हार करायला बसायचे आणि पूजेची भांडी, समया, बंदुका घासायचं काम माझं. दोरीनं ओढलेली नळी देवापुढं ठेवायला मला स्वच्छ वाटायची नाही. मी पाटावर बसायची, रायफल दोन गुडघ्यांत उभी धरायची, लोखंडी गजाला फडकं, फडक्याला जवसाचं तेल, आणि तेलात चाळलेली रांगोळी. समया घासायला घेतलेली तीच. वरून, तोंडाकडून, उखळात कांडल्यासारखा गज वर-खाली, वर-खाली. समईच्या उजेडात नळीची कड चमकली पाहिजे अशी माझी हौस. एकेका बंदुकीला अर्धा तास. सात नंबर सगळ्यात शेवटी, आणि ती चमकायची सगळ्यांत जास्त, म्हणून तिला मी अजून चार हात जास्त द्यायची. वरून लाकडाला तेल चोपडायची ते वेगळंच. असं अडतीस-चाळीस वर्षं.

यांचं वाक्य मी हजारदा ऐकलं, पण ते मला उद्देशून आहे असं कधी वाटलंच नाही. ते गिऱ्हाइकांना होतं. गिऱ्हाइकं बंदूक पुसायची. मी पूजा करत होते.

आणि या सात रायफली आमच्याकडे दुरुस्तीला कधी आल्याच नाहीत, पूजेलाच आल्या. पूजेला आलेल्या बंदुकीच्या तोंडात कोण काडतूस घालून बघतो? यांनी मला घासताना बघितलं होतं का? बघितलं असणार. घर एवढंसं. बघून गप्प बसले, की त्या दिवशी त्यांनाही ती पूजाच वाटली, हे आता कुणाला विचारू?

मी तशीच बसून राहिले. संध्याकाळचा चहा केला नाही. एक सोपा रस्ता होता, तो सांगते, कारण मनात आला होता. तोंड नीट करून द्यायचं आणि सांगायचं, जुनी झाली होती, झिजली होती. खोटं नव्हतं ते. क्लबच्या खोलीत यांचा हार घातलेला फोटो आहे. त्याच्याखाली उभं राहून, तुमच्या साती बंदुका आमच्या घरात खराब झाल्या, असं म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण बाईनं मला विचारलं होतं ते दुरुस्तीचं नव्हतंच. आपोआप झिजली म्हटलं असतं तर भाऊजी म्हणाले असते, मग बाकीचे कसे मारतात? आणि ती पुन्हा स्वतःलाच खात बसली असती.

दोघांना बोलावून घेतलं. शनिवारी शाळा सकाळची, ती दुपारी आली. चहा दिला आणि सांगून टाकलं. नकली काडतूस घालून दाखवलं. गज दाखवला, रांगोळीचा डबासुद्धा दाखवला.

भाऊजींनी कप खाली ठेवला. "म्हंजे वहिनी, सातीच्या सात?"

"साती. ही जास्त."

"अहो, मी प्रत्येक नवमीला बघायचो की. म्हणायचो, काय चमकत्यात बघा वहिनींच्या हातानं!" त्यांनी बाईकडे बघितलं. "आणि ह्या बाईला मी दोन वर्षं डोळ्याच्या डॉक्टरकडं पाठवतोय."

बाई रांगोळीच्या डब्याकडे बघत होती. चहावर साय धरली. मग म्हणाली, "काकू, मी रोज पहाटे परसात भरलेली कळशी हात ताणून धरून उभी ऱ्हाते. दोन वर्षं. हात हलतोय म्हणून. सासूबाई म्हणत्यात, पाण्याला नवस केलाय का गं? चष्माबी दोनदा बदलला."

मी म्हटलं, "माझं चुकलं, पोरी."

"तुम्ही मुद्दाम केलं न्हाय," ती म्हणाली. पण चहा तिनं घेतला नाही. उठली, सव्वातीनची एसटी आहे म्हणाली आणि गेली. मला ते पटलं. तिनं लगेच गोड बोलून टाकलं असतं तर मला जास्त लागलं असतं.

नळीचं तोंड नीट करायचं यांचं एक हातहत्यार आहे, खिळ्याला टांगलेलं. मधला पितळी खुंटा नळीत बसतो आणि भोवतीचं पातं फिरतं. तोंडाजवळचा झिजलेला भाग बोटाच्या एका पेराएवढा आतपर्यंत मोठा कोरून काढायचा, म्हणजे गोळी सुटते ती कड आत सरकते, जिथं गज कधी घासला नाही तिथं. खाली कापसाचा बोळा, किस आत पडू नये म्हणून. सावकाश, तेल घालत घालत. शेवटी पितळेचा गोल मणी आणि घासायची पेस्ट लावून ती नवी कड गोल करायची. पेस्ट बोटाला लागली आणि हातात रांगोळीच घेतल्यासारखं वाटलं. दहा मिनिटं काम, अर्धा तास विश्रांती. उजवा अंगठा चौथ्या दिवशी वळेना, मग डाव्या हातानं केलं. नकली काडतूस घालता येईना आता, तोंड मोठं झालेलं. भिंगातून बघत राहिले, कड सगळीकडून सारखी दिसेपर्यंत. यांनी ते एका दिवसात केलं असतं. पण यांनी चुकून मला "झालं" म्हटलं असतं, आणि मी ऐकलं असतं. आता मला झालं म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून मी पुन्हा पुन्हा बघत होते.

निवडीच्या आधीचा रविवार. मैदानामागच्या टेकडीवर गुरं चरत होती, ती हाकलेपर्यंत थांबावं लागलं. मी झाडाखाली खुर्ची टाकून बसले. पाय दुखत होते आणि मला खरंच वाटत होतं की आता काहीही होवो, लवकर होवो.

बाई येऊन आडवी झाली. माझ्याकडे बघितलं नाही. पाच गोळ्या, मध्ये बराच बराच वेळ. मग भाऊजी स्वतः चालत जाऊन कागद घेऊन आले. दुर्बीण होती, तरी चालत गेले. परत येताना भराभर येत होते.

कागदावर तीन भोकं एकमेकांना लागून, लिंबाखाली झाकतील अशी. आणि दोन बाजूला, खाली उजवीकडे, तीही एकमेकांच्या शेजारी.

भाऊजी म्हणाले, "दोन गेल्या की हो बाहेर. वहिनी, अजून थोडं राहिलंय काय?"

अजून एकदा ते काजळ, ते पातं, तो अंगठा. नाही जमणार मला, असं सांगायला मी तोंड उघडलं.

बाईनं कागद भाऊजींच्या हातातून घेतला. त्या दोन भोकांवर एकदा बोट ठेवलं. दुसऱ्यांदा ठेवलं. आणि पहिल्यांदाच मी तिला हसताना बघितलं, चांगली दात दिसेपर्यंत.

"ह्ये दोन माझे," ती म्हणाली. "चौथ्याला आन पाचव्याला चाप हिसकला मी. कळलंतं मला सुटताना. ह्ये माझेच हायेत, काकू."

कागद तिनं नीट घडी घालून पिशवीत ठेवला, आणि पिशवीतून थर्मास काढला. झाकणात चहा ओतून मला दिला. गोड होता, जरा जास्तच. ती पुन्हा जाऊन आडवी झाली आणि चाप हळू ओढायचा सराव करायला लागली, रिकाम्या रायफलीवर, टक्, टक्, टक्.

भाऊजी माझ्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाकीच्या सहा कधी आणू?"

मी अंगठा वळतो का बघितला. वळत नव्हता. म्हटलं, "एकेक आणा. आणि नवमीला आणू नका."